नवा प्रशिक्षक कोण हवा, याआधी संघ कोणता आहे ते पाहा

२६ जानेवारी २०२४ रोजी युर्गन क्लॉप यांनी हंगामाअखेर लिव्हरपूल सोडत असल्याचं जाहीर केलं आणि त्याच दिवशी त्यांच्या जागी कोण, हा वाद पेटला. बहुतेक चाहत्यांचं उत्तर ठरलेलं होतं: झाबी अलोन्सो. ते साहजिकही होतं. २००५च्या इस्तंबूलमधल्या अंतिम सामन्यात बरोबरीचा गोल करणारा हा आपला माणूस. शिवाय त्याच्या हाताखाली बायर लेव्हरकुसेन जर्मन लीगमध्ये अपराजित होता. पुढे त्या संघाने ३४ सामन्यांत २८ विजय आणि ६ बरोबरी अशी एकही हार न पत्करता लीग जिंकली. पण २९ मार्चला अलोन्सोने लेव्हरकुसेनमध्येच राहत असल्याचं सांगितलं. मग स्पोर्टिंग लिस्बनच्या रुबेन अमोरीम यांचं नाव पुढे आलं, तेही मागे पडलं, आणि शेवटी आले फेयेनूर्दचे आर्न स्लॉट. अनेकांनी त्यांचा एकही सामना पाहिलेला नव्हता. निराशा झाली ती झालीच.

२७ एप्रिल २०२५ रोजी स्लॉट यांच्या संघाने टॉटनहॅमला ५-१ असं हरवलं आणि चार सामने शिल्लक असतानाच क्लबचं विसावं लीग विजेतेपद पटकावलं.

यावरून चाहत्यांना फुटबॉल कळत नाही, असं कुणी म्हणत असेल तर ते मला मान्य नाही. जो माणूस वर्षानुवर्षं संघाचा प्रत्येक सामना पाहतो, त्याला संघाची दुखरी जागा पुष्कळदा तज्ज्ञांआधी कळते. पण नव्या प्रशिक्षकाबद्दलचा वाद ज्या समजुतींवर चालतो, त्यातल्या बऱ्याच तपासल्या की टिकत नाहीत.

‘मोठा खेळाडू होता, म्हणजे प्रशिक्षकही मोठा होणार’

ही सर्वांत जुनी समजूत, आणि तिचा निकाल लवकर लागतो. आरिगो साक्की कधी व्यावसायिक फुटबॉल खेळले नाहीत, वडिलांच्या कारखान्यातले बूट विकत होते. त्यांच्या मिलानने १९८९ आणि १९९० असा सलग दोनदा युरोपियन कप जिंकला. जोसे मोरिन्यो प्रशिक्षक बॉबी रॉब्सन यांचे दुभाषे म्हणून पुढे आले. युलियान नागल्समान यांची खेळाडू म्हणून कारकीर्द दुखापतींमुळे विशीतच संपली आणि २८व्या वर्षी ते हॉफेनहाइमचे मुख्य प्रशिक्षक झाले. दुसरीकडे क्रॉईफ, आन्चेलोत्ती, ग्वार्दिओला आणि झिदान हे मोठे खेळाडूही होते आणि मोठे प्रशिक्षकही झाले. पण तितक्याच मोठ्या आंद्रेआ पिर्लोकडे युव्हेंटसने सलग नऊ विजेतेपदांनंतर संघ सोपवला, तेव्हा तो हंगाम चौथ्या स्थानावर संपला. खेळाडू म्हणून कमावलेलं नाव ड्रेसिंग रूममध्ये सुरुवातीचा मान मिळवून देतं. नंतर सरावात काय शिकायला मिळतं, हेच खेळाडू पाहतात.

‘इंग्लंडचा अनुभव नसलेल्याला प्रीमियर लीग झेपणार नाही’

मोरिन्यो (२००४-०५), आन्चेलोत्ती (२००९-१०), मानुएल पेलेग्रिनी (२०१३-१४), आन्तोनिओ कोन्ते (२०१६-१७) आणि स्लॉट (२०२४-२५) या पाचही जणांनी या लीगमधल्या आपल्या पहिल्याच हंगामात ती जिंकली. आर्सेन वेंगर १९९६मध्ये जपानच्या नागोया ग्रॅम्पस एटकडून आर्सेनलला आले, तेव्हा लंडनचं वर्तमानपत्र ‘हा आर्सेन कोण?’ असं विचारत होतं. १९९८मध्ये त्यांनी लीग आणि एफए कप दोन्ही जिंकले. उलट १९९२मध्ये सुरू झालेली प्रीमियर लीग आजवर एकाही इंग्रज मॅनेजरला जिंकता आलेली नाही.

‘ज्याने करंडक जिंकले, तोच लायक’

इथे थोडं थांबावं लागेल, कारण बहुतेक वाद इथेच अडकतो. करंडक हा पुरावा आहे, यात शंका नाही. पण तो एका विशिष्ट संघाबरोबर, विशिष्ट खेळाडूंबरोबर मिळवलेला पुरावा आहे.

क्लॉप यांचंच पाहा. डॉर्टमुंडमधला त्यांचा शेवटचा हंगाम, २०१४-१५, वाईट गेला. फेब्रुवारीत संघ गुणतक्त्यात तळाला होता आणि कसाबसा सातवा आला. क्लॉप यांची जादू ओसरली, असं तेव्हा बरेच जण म्हणत होते. लिव्हरपूलच्या संशोधन विभागाचे तेव्हाचे प्रमुख इयन ग्रॅहम हे मुळात भौतिकशास्त्रज्ञ. त्यांनी त्या हंगामाची आकडेवारी तपासली. किती संधी निर्माण झाल्या, त्यांची गुणवत्ता काय होती, प्रतिस्पर्ध्याला किती संधी मिळाल्या, हे मांडल्यावर दिसलं की संघ जवळपास पूर्वीइतकाच चांगला खेळत होता, फक्त निकाल विलक्षण प्रतिकूल लागले होते. ऑक्टोबर २०१५मध्ये क्लॉप लिव्हरपूलला आले. पुढे २०१९मध्ये चॅम्पियन्स लीग आली आणि २०२०मध्ये तीस वर्षांनी लीगचं विजेतेपद.

स्लॉट यांची निवडही याच वळणाची. क्लबचा फुटबॉल कारभार पाहणारे मायकल एडवर्ड्स आणि क्रीडा संचालक रिचर्ड ह्यूज यांच्यासमोर क्लॉप यांनी घडवलेला तयार संघ होता: दाब टाकून चेंडू हिसकावणारा, चार जणांच्या बचावफळीचा. तो मोडायचा नव्हता. फेयेनूर्दने स्लॉट यांच्या हाताखाली २०२३मध्ये डच लीग जिंकली होती आणि त्यांचा खेळ लिव्हरपूलच्या खेळाशी जुळणारा होता. स्लॉट आले तेव्हा त्यांनी नव्या खेळाडूंची यादी पुढे केली नाही. पहिल्या हंगामासाठी मैदानात उतरलेला नवा खेळाडू एकच, फेदेरिको किएसा, आणि तोही फार खेळला नाही. रायन ग्राफेनबर्ख संघात आधीच होता. स्लॉट यांनी त्याला बचावफळीच्या पुढे आणून उभं केलं आणि मधल्या फळीचा प्रश्न सुटला. मोहम्मद सालाहने त्या हंगामात लीगमध्ये २९ गोल केले आणि १८ गोलांना साहाय्य केलं.

आता अमोरीम यांच्याकडे वळू. स्पोर्टिंगला १९ वर्षांनी, २०२१मध्ये, पोर्तुगालचं विजेतेपद मिळवून देणारा आणि २०२४मध्ये ते पुन्हा जिंकणारा हा प्रशिक्षक. नोव्हेंबर २०२४मध्ये तो मँचेस्टर युनायटेडला आला. त्याची पद्धत तीन मध्य-बचावपटूंची, संघ मात्र चार जणांच्या बचावफळीसाठी जमवलेला. त्यात हंगाम अर्ध्यावर आलेला, पूर्वतयारीचा काळ हाती नाही. युनायटेड लीगमध्ये पंधरावा आला. अमोरीमला प्रशिक्षण येत नव्हतं, असं यावरून म्हणता येणार नाही. ज्या संघाला त्याची पद्धत पेलवणार नव्हती, त्याच संघाकडे तो गेला.

आपल्याकडचं उदाहरणही याच जातीचं आहे. खालिद जमील यांनी मुंबई एफसीला कित्येक वर्षं आय-लीगमध्ये टिकवून धरलं. पण करंडक नसल्यामुळे त्यांच्याकडे मोठं नाव म्हणून कुणी पाहिलं नाही. मुंबईपासून वेगळे झाल्यावर ते मिझोरामच्या आयझॉल एफसीला गेले आणि २०१६-१७मध्ये त्या छोट्या क्लबला देशाचं विजेतेपद मिळवून दिलं. त्याच हंगामात मुंबई एफसी तळाला राहिला. ऑगस्ट २०२५मध्ये जमील भारतीय संघाचे प्रशिक्षक झाले.

‘आत्ताच्याला काढा, निकाल आपोआप सुधारतील’

नवा प्रशिक्षक आला की संघ दोन-चार सामने जिंकतो, हे आपण डोळ्यांनी पाहिलेलं असतं. म्हणून ही समजूत सर्वांत चिवट. बास तेर वेल या डच अर्थशास्त्रज्ञाने नेदरलँड्समधल्या १९८६ ते २००४ या काळातल्या सामन्यांचा अभ्यास केला. हकालपट्टीनंतर संघ सावरतात, हे त्यातही दिसलं. पण तितक्याच घसरणीनंतर ज्या क्लबांनी प्रशिक्षक बदलला नाही, तेही तसेच सावरले. प्रशिक्षकाला काढतात ते घसरणीच्या तळाला, आणि तिथून बहुतेक संघ वरच येतात. श्रेय मात्र नव्या माणसाच्या पदरात पडतं.

म्हणून कधीच कुणाला काढू नये, असं नाही. खेळाडू ऐकेनासे झाले, सराव विस्कळीत झाला, आकड्यांतही खेळ घसरलेला दिसला, तर बदल करावाच लागतो. चार पराभव हे एवढंच कारण असेल तर ते अपुरं आहे.

‘जिंकला तो प्रशिक्षक, हरला तोही प्रशिक्षक’

इंग्लंडमधल्या क्लबांच्या हिशेबांचा अभ्यास करून अर्थशास्त्रज्ञ स्टीफन शिमान्स्की यांनी दाखवलं की अनेक वर्षांचा काळ धरला तर क्लबांच्या लीगमधल्या स्थानांतला सुमारे ९० टक्के फरक खेळाडूंच्या पगारावरच्या खर्चाने समजावता येतो. एखाद्या हंगामात हे गणित मोडतं. २०१६मध्ये क्लाउडिओ रानिएरींच्या लेस्टरने लीग जिंकून ते मोडलं. पण नऊ महिन्यांत त्याच रानिएरींना काढण्यात आलं.

शिवाय आता पदही बदललं आहे. क्लॉप मॅनेजर होते, स्लॉट यांची नेमणूक मुख्य प्रशिक्षक म्हणून झाली. खेळाडू कोण घ्यायचे, यात क्रीडा संचालकाचा वाटा मोठा. २०२५च्या उन्हाळ्यात लिव्हरपूलने प्रचंड खर्च करून संघाचा चेहराच बदलला. त्याच जुलैमध्ये संघातल्या दियोगो जोटाचा अपघाती मृत्यू झाला. शरद ऋतूत १२ पैकी ९ सामने गमावल्यावर स्लॉट यांना काढा, ही मागणी सुरू झाली. प्रशिक्षकाची जबाबदारी त्यात नक्कीच होती. पण नव्या खेळाडूंची निवड, त्यांचा न बसलेला मेळ आणि सहकाऱ्याच्या जाण्याने हादरलेले खेळाडू, हे सारं एका माणसाच्या नावावर मांडणं अन्यायाचं आहे.

‘दिग्गजानंतर येणारा बळीच जातो’

मँचेस्टर युनायटेडमध्ये अ‍ॅलेक्स फर्ग्युसन यांनी स्वतः सुचवलेले डेव्हिड मोयेस सहा वर्षांच्या करारावर आले आणि दहा महिन्यांत गेले, हे सगळ्यांच्या लक्षात आहे. १९७४मध्ये लिव्हरपूलचे बिल शँक्ली पायउतार झाल्यावर काय झालं, याची आठवण मात्र कमी काढली जाते. बॉब पेझली यांना ती खुर्ची नकोच होती, आग्रहाने दिली गेली. नऊ हंगामांत त्यांनी सहा लीग विजेतेपदं आणि तीन युरोपियन कप जिंकले. पेझली बूटरूममधले, म्हणजे शँक्लींच्या सहायक प्रशिक्षकांच्या गटातले होते. संघातला प्रत्येक खेळाडू त्यांना आतून ठाऊक होता.

तेव्हा तुमच्या क्लबची खुर्ची रिकामी होईल, तेव्हा वाद जरूर घाला. क्लब आपला असतो म्हणूनच आपण भांडतो. फक्त नाव घेण्याआधी आत्ताच्या संघातले अकरा जण कागदावर लिहा, त्यांना कोणत्या पद्धतीने खेळता येतं ते लिहा, खेळाडू खरेदीचा निर्णय कोणाच्या हातात आहे ते पाहा, आणि मग त्यांच्यासाठी माणूस सुचवा.