उत्पन्न विचारू नका, पंखे मोजा

जुलै 2025मध्ये केंद्र सरकारच्या पत्र सूचना कार्यालयाने एक पत्रक काढलं. जागतिक बँकेच्या आकडेवारीनुसार भारताचा गिनी निर्देशांक 25.5 आहे आणि कमी विषमता असलेल्या देशांत आपला चौथा क्रमांक लागतो, असं त्यात म्हटलं होतं. गिनी शून्य म्हणजे सगळ्यांना सारखं, शंभर म्हणजे सगळं एकाच्याच खिशात. त्याआधी मार्च 2024मध्ये पॅरिसच्या वर्ल्ड इनइक्वॅलिटी लॅबचा निबंध आला होता. अर्थतज्ज्ञ टोमा पिकेटी त्याच्या चार लेखकांपैकी एक. त्यांचा हिशेब असा : देशाच्या उत्पन्नातला 22.6 टक्के आणि संपत्तीतला 40.1 टक्के वाटा वरच्या एक टक्का लोकांकडे. दोन्ही हिशेब 2022-23 याच वर्षाचे. एक सांगतो, आपल्याकडे तफावत फारशी नाही. दुसरा सांगतो, ती इंग्रजांच्या राजवटीतल्यापेक्षाही मोठी आहे.

यात कुणी आकडे बनवलेले नाहीत. पहिला हिशेब घरखर्चाच्या पाहणीवरून केलेला, दुसऱ्यात प्राप्तिकराचे तपशील आणि अब्जाधीशांच्या याद्या जोडलेल्या. महिना पन्नास लाख कमावणारा माणूस पन्नास लाखांचा किराणा भरत नाही. त्याचा उरलेला पैसा शेअरमध्ये, फ्लॅटमध्ये, सोन्यात जातो आणि खर्चाच्या प्रश्नावलीत तो उमटतच नाही. म्हणून खर्चावरून काढलेली विषमता नेहमीच सौम्य दिसते. ज्या देशांच्या रांगेत आपण चौथे ठरलो, त्यांतल्या अनेकांचे आकडे मात्र उत्पन्नाचे आहेत. निर्देशांकात खोट नव्हती. खोट होती ती अशी सरमिसळ करून क्रमांक लावण्यात.

मग आपण खर्चच का मोजतो? कारण उत्पन्न विचारून कळत नाही. पगारदार आकडा सांगेल, पण कांदा उत्पादकाने कुठल्या वर्षाचं सांगायचं? भाव मिळाला त्या, की ट्रॉली बाजार समितीतून परत आणली त्या? रिक्षाचालकाचं उत्पन्न गॅस, हप्ता आणि दुरुस्ती वजा करून की न करता? शिवाय उत्पन्नाचा आकडा आपल्याकडे कोरा नसतो. त्यावर शिष्यवृत्ती, फी-सवलत, घरकुल अवलंबून असतं. जून महिन्यात सेतू केंद्राबाहेर दाखल्यासाठी उभ्या असलेल्या माणसाला हे समजवावं लागत नाही. घरी आलेला पाहणीवाला सरकारी असो वा नसो, उत्तर देणारा जरा अंदाज घेऊनच बोलतो.

या अडचणीतून निघालेली सर्वांत गाजलेली वाट पुण्यातून गेली. गोखले अर्थशास्त्र संस्थेच्या वि. म. दांडेकर आणि नीलकंठ रथ यांनी 1971 साली भारतातल्या दारिद्र्याचा अभ्यास प्रसिद्ध केला. रोज माणशी 2,250 कॅलरी मिळतील एवढा आहार कुठल्या खर्चाच्या पातळीवर लोक प्रत्यक्षात घेतात, हे त्यांनी राष्ट्रीय नमुना पाहणीतून शोधलं. 1960-61च्या किमतींनुसार उत्तर निघालं खेड्यात महिना माणशी 15 रुपये, शहरात साडेबावीस. खेड्यातले सुमारे 40 टक्के आणि शहरातले सुमारे 50 टक्के लोक त्याखाली होते. पुढे दारिद्र्यरेषेवर जे जे वाद झाले, ते या मांडणीला धरून किंवा तिच्याविरुद्ध.

खर्चालाही स्वतःच्या खोडी आहेतच. ‘गेल्या 30 दिवसांत किती तेल आणलं?’ आणि ‘गेल्या 7 दिवसांत किती आणलं?’ या दोन प्रश्नांची उत्तरं एकाच घरात जुळत नाहीत. महिन्याचा हिशेब विचारला की माणसं बरंच विसरतात. 1999-2000च्या पाहणीत अन्नासाठी दोन्ही प्रश्न शेजारीशेजारी छापले गेले, उत्तरं एकमेकांत मिसळली आणि गरिबी नेमकी किती घटली यावर अर्थतज्ज्ञ पुढची कित्येक वर्षं भांडत राहिले. एका रकान्यामुळे कोट्यवधी माणसं रेषेच्या वर की खाली, हे ठरत होतं.

डॉक्टरांचा मार्ग वेगळा. वैद्यकीय महाविद्यालयात जनवैद्यक विभागात पाऊल टाकलेल्या प्रत्येकाला कुप्पुस्वामी हे नाव तोंडपाठ असतं. 1976 साली बी. कुप्पुस्वामी यांनी शहरी कुटुंबांसाठी ही श्रेणी तयार केली. कुटुंबप्रमुखाच्या शिक्षणाला कमाल 7 गुण, व्यवसायाला 10, कुटुंबाच्या मासिक उत्पन्नाला 12. एकूण 29. 26 आणि वर म्हणजे उच्च वर्ग, 16 ते 25 उच्च मध्यम, 11 ते 15 कनिष्ठ मध्यम, 5 ते 10 उच्च कनिष्ठ, त्याखाली कनिष्ठ. क्षयरोगावर प्रबंध असो की कुपोषणावर, हा तक्ता त्यात असतोच.

आता या गुणांत जरा आत शिरून पाहू. पिंपरीच्या कारखान्यातला आयटीआय झालेला फिटर घ्या. शिक्षणाचे 5, कुशल कामगार म्हणून 4, झाले 9. उत्पन्नाचे गुण 12, 10, 6, 4, 3, 2, 1 अशा टप्प्यांनी दिले जातात. म्हणजे 10 आणि 6 यांच्यामध्ये काही नाहीच. फिटरच्या घरचं उत्पन्न 6 गुणांच्या गटात असेल तर बेरीज 15, कनिष्ठ मध्यमवर्ग. एखाद्या वेतनकरारानंतर ते वरच्या गटात सरकलं की बेरीज थेट 19, उच्च मध्यमवर्ग. घर तेच, गल्ली तीच, मुलं त्याच शाळेत. व्यवसायाच्या मूळ रकान्यात तर कारकून, दुकानदार आणि शेतकरी यांना सरसकट 5 गुण होते. कोपऱ्यावरची पानटपरी आणि लक्ष्मी रस्त्यावरचं साड्यांचं दुकान एका पायरीवर. नंतर अभ्यासकांनी व्यवसायांची यादी सुधारली, पण गुणांमधल्या उड्या राहिल्या.

उत्पन्नाच्या मर्यादा महागाईच्या निर्देशांकाने गुणून नव्या करायच्या, अशीही रीत आहे. 1976मध्ये महिना 2,000 रुपये म्हणजे वरचा गट होता. आजचा आकडा त्यातूनच निघतो. पण महागाईने गुणलं की फक्त रुपयाची घसरण भरून निघते. समाजाची कमाई महागाईहून वेगाने वाढली असेल तर दरवर्षी जास्त माणसं वरच्या गटात जाणार, आणि पन्नास वर्षांत खालचा गट रिकामा होत आल्यासारखा दिसणार. मग निष्कर्ष येतो की आजाराचा आर्थिक स्तराशी संबंध आढळला नाही. संबंध असेलही, पट्टीला तो दिसेनासा झाला असेल.

तिसरा मार्ग मला सर्वांत हुशार वाटतो, आणि सर्वांत निसरडाही. जागतिक बँकेतले डिऑन फिल्मर आणि लँट प्रिचेट यांच्यासमोर 1992-93च्या आपल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीची माहिती होती. त्यात ना उत्पन्न होतं, ना खर्च. होती ती फक्त वस्तूंची यादी : घड्याळ, सायकल, पंखा, नळ, स्वयंपाकघर वेगळं आहे का, घर पक्कं आहे का. कुठल्या वस्तू एकत्र आढळतात हे संख्याशास्त्राने तपासून त्यांनी प्रत्येक वस्तूचं वजन काढलं आणि घरांची उतरंड लावली. खर्चाच्या आकड्यांविना आणि अश्रूंविना, असं त्यांनी निबंधाच्या शीर्षकातच म्हटलं होतं. 2001 साली छापलेल्या या निबंधातला निष्कर्ष आजही वाचावा असा आहे. वरच्या वीस टक्क्यांतलं मूल शाळेत असण्याची शक्यता खालच्या चाळीस टक्क्यांतल्या मुलापेक्षा देशभरात सरासरी 31 टक्केबिंदूंनी जास्त होती. केरळात हे अंतर 4.6, बिहारमध्ये 42.6.

पंखा खोटं बोलत नाही, तो छताला दिसतो. पण त्याचा अर्थ बदलतो. जवळपास प्रत्येक घरात वीज आणि पंखा आला की तो कुणाला कुणापासून वेगळं करत नाही. शहराकडे झुकण्याची खोडही या पद्धतीला आहे. नळ, गॅस, पक्की भिंत या गोष्टी शहरात गरिबाकडेही पोचतात. बागायती शेती आणि दुभती जनावरं मोजली नाहीत तर गावातलं सधन घर खाली घसरतं. म्हणून जमीन-जनावरंही मोजावी लागतात. मुंबईत उलटी गंमत. सामायिक शौचालयाने धारावीतल्या खोलीचे गुण कमी होतात, त्या खोलीची किंमत मात्र यादीत कुठेच नसते. आणि या निर्देशांकातला सर्वांत गरीब पाचवा हिस्सा नेहमी पाचवा हिस्साच असणार, देश कितीही श्रीमंत झाला तरी. त्यावरून गरिबी घटली की वाढली हे सांगता येत नाही.

जाहिरातवाल्यांना या सगळ्याची चिंता नाही. बाटलीतला शाम्पू कोण घेईल आणि पुडीतला कोण, एवढं त्यांना कळलं की पुरे. 2011मध्ये आलेली त्यांची वर्गवारी घरातल्या मुख्य कमावत्याचं शिक्षण आणि अकरा वस्तूंपैकी घरात किती आहेत यावर चालते. ए1पासून ई3पर्यंत बारा पायऱ्या. आपल्या कामापुरती ती चोख आहे. सरकारी पट्ट्यांबद्दल तसं म्हणवत नाही. 1999मध्ये महाराष्ट्रात पिवळी, केशरी, पांढरी शिधापत्रिका आली तेव्हा पिवळ्यासाठी वार्षिक उत्पन्न 15,000पर्यंत आणि घरी दूरध्वनी नसावा, अशा अटी होत्या. अन्नसुरक्षा कायद्यानंतर प्राधान्य कुटुंबांसाठी ग्रामीण भागात 44,000 आणि शहरात 59,000 अशी वेगळी मर्यादा आली. म्हणजे एकाच केशरी रंगाच्या आत धान्य मिळणारे आणि न मिळणारे असे दोन गट पडले. रंगावरून आता काहीच कळत नाही.

जात या पट्ट्यांत कुठे बसते? उदय पारीक आणि जी. त्रिवेदी यांनी 1964मध्ये ग्रामीण कुटुंबांसाठी केलेल्या श्रेणीत जातीला सरळ गुण होते. कुप्पुस्वामींच्या तीन रकान्यांत ती नाही. मंडल आयोगाने उलट बाजूने सुरुवात केली. त्यांना घर नव्हे, जातीचं मागासपण मोजायचं होतं. अकरा निकष, 22 गुण : सामाजिक निकषांना प्रत्येकी 3, शैक्षणिक निकषांना 2, आर्थिक निकषांना 1. अकरा किंवा जास्त गुण मिळाले की ती जात मागास. कच्चं घर किंवा पाण्यासाठीची पायपीट यांना एक गुण आणि इतरांकडून मागास मानलं जाण्याला तीन, हे प्रमाण कुठल्याही संगणकाने काढलेलं नव्हतं. ती भूमिका होती, आणि ती उघड मांडलेली होती. वजनं यंत्रातून आल्याचं सांगत भूमिका झाकण्यापेक्षा मला ही पद्धत बरी वाटते. 2027च्या जनगणनेत जात विचारली जाणार आहे. आकडे आल्यावर खरा वाद वजनांवरून होईल.

घर मोजणाऱ्या या सगळ्या पट्ट्या एका ठिकाणी मात्र एकमताने थांबतात : उंबऱ्यावर. कुप्पुस्वामी कुटुंबप्रमुखाला विचारतात, जाहिरातवाले मुख्य कमावत्याला, पंखा तर सगळ्यांचाच. ब्रिटनमध्ये 1983 साली समाजशास्त्रज्ञ जॉन गोल्डथॉर्प यांनी बायकोचा वर्ग नवऱ्याच्या व्यवसायावरून ठरवण्याच्या रूढ पद्धतीचं समर्थन केलं आणि त्यावर मोठं वादळ उठलं. आपल्याकडे तसं वादळ झालं नाही, पण उंबऱ्याच्या आत काय असतं, याचं उत्तर पाहणीतच सापडतं. संपत्ती निर्देशांकात घरातल्या मोबाइलचे गुण पूर्ण घराला मिळतात. त्याच राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या 2019-21च्या फेरीत 15 ते 49 वयाच्या बायकांना वेगळं विचारलं, की तुम्ही स्वतः वापरता असा मोबाइल तुमच्याकडे आहे का. ‘हो’ म्हणणाऱ्या होत्या 53.9 टक्के.