तिखटाआधी लेकराची वाटी

धर्माबादच्या बाजारपेठेचे नाव मिरचीमुळे दूरवर गेले आहे. हंगामात आडतीसमोर लाल मिरचीचे ढीग पडले, की नवखा पाहुणा नाकाला रुमाल लावतो आणि आपण गावकरी त्याला हसतो. आपल्या घरचे जेवणही या बाजाराला शोभेसेच असते. तिखट कमी पडले, तर "आज जेवणात काही राम नाही" म्हणणारी मंडळी घरोघरी सापडतील. मोठ्यांनी आपल्या जिभेचे लाड जरूर करावेत. पण त्याच भगुण्यातले कालवण दीड वर्षाच्या लेकरापुढे येते तेव्हा काय होते, याचा विचार आपण क्वचितच करतो. प्रस्तुत लेखात तो विचार करावयाचा आहे.

या विषयाकडे माझे लक्ष वळले ते घरातल्याच अनुभवामुळे. ताई माहेरी आली तेव्हा तिचा मुलगा दीड वर्षाचा होता. "काहीच खात नाही गं हा," ही तिची रोजची तक्रार. अंगणवाडीत त्याचे वजन केले, तेव्हा कळले की तीन महिने काटा जागचा हललेला नाही. कार्डावरची रेघ हिरव्या पट्ट्यातून पिवळ्या पट्ट्यात उतरली होती. मग आम्ही दोघींनी त्याच्या दिवसभराच्या खाण्याचा हिशेब मांडला. सकाळी चहात बुडवलेली दोन बिस्किटे, दुपारी वरणाचे वरचे पाणी आणि चार शिते भात, मधेच दुकानातले एखादे कुरकुरीत पाकीट, सायंकाळी पुन्हा चहा-बिस्कीट आणि रात्री तिखट भाजी-भाकरीचा एक घास व त्यावर रडारड. पोर दिवसभर काही ना काही तोंडात टाकत होते. अंगी लागावे असे मात्र त्यात फारसे काही नव्हते.

ही एका घरची कथा नाही. २०१९ मध्ये महाराष्ट्रात झालेल्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत पाच वर्षांखालील शंभरातील ३५ मुले वयाच्या मानाने खुजी आणि ३६ मुले कमी वजनाची आढळली. त्यामागे दारिद्र्य आहे, आजारपण आहे, मातेची अशक्तता आहे. पण ज्या घरी डाळ-भाकरीला तोटा नाही, त्या घरीही मूल खुरटते. याचे कारण शोधले पाहिजे.

ते कारण लहान मुलाच्या शरीरातच दडलेले आहे. एक ते तीन वर्षांच्या मुलाला दिवसाला सुमारे १००० उष्मांक लागतात. बैठे काम करणाऱ्या प्रौढ पुरुषाला सुमारे २१०० लागतात. म्हणजे वजन बापाच्या पाचव्या-सहाव्या हिश्श्याचे, पण भूक जवळजवळ निम्मी! आणि पोट केवढे? वजनाच्या दर किलोला सुमारे ३० मिलिलिटर. आठ-नऊ किलोच्या मुलाच्या पोटात एका वेळी जेमतेम एक मोठी वाटी मावते. एवढ्याशा वाटीतून एवढी मोठी गरज भागवायची, तर दोनच मार्ग उरतात. घास थोडा पण सकस असावा, आणि तो दिवसातून चार-पाच वेळा मिळावा.

आता आपल्या चुका ध्यानात येतील. पहिली चूक वरणाच्या पाण्याची. ते पचायला हलके म्हणून आपण देतो. पण डाळीचे सत्त्व डाळीत असते, वरच्या पाण्यात नव्हे. दुसरी चूक चहा-बिस्किटाची. चहातील टॅनिनमुळे अन्नातील लोह अंगी लागत नाही आणि गोड बिस्किटाने भूक मात्र मरते. तिसरी चूक आपल्या गावाची खास, तिखटाची. मिरचीतील कॅप्सायसिन हा पदार्थ तोंडातील उष्णता जाणणाऱ्या मज्जातंतूंना चेतवतो. आपली जीभ सरावलेली असते. लेकराला मात्र तोंड भाजल्यासारखेच वाटते. मग ते जेवणाचे ताट पाहूनच तोंड फिरवते आणि बिस्किटाकडे हात करते. आपण म्हणतो, "याला जेवणच आवडत नाही!"

उपाय महागडा नाही. फोडणीत तिखट पडण्याआधी लेकराची वाटी बाजूला काढून ठेवावी, एवढेच! वेगळा स्वयंपाक नको, वेगळी चूल नको. शिजलेली घट्ट डाळ हळद व किंचित मीठ घालून वाटीत काढावी, वर चमचाभर तूप किंवा शेंगतेल सोडावे आणि मग भगुण्यात हवे तेवढे तिखट घालावे. आपल्या तेलुगू भाषक शेजारणी लेकराला तूप घालून पप्पू-अन्नम भरवतात, तेही याच जातीचे अन्न.

मराठवाड्याच्या स्वयंपाकघरात या वाटीत घालण्यासारखे पुष्कळ आहे. ज्वारीच्या प्रथिनांत लायसिन हा घटक कमी असतो आणि डाळींत तो भरपूर असतो. म्हणून वरणात कुस्करलेली भाकरी ही नुसत्या भाकरीपेक्षा कितीतरी सरस. शेंगदाण्यात शेकडा २५ भाग प्रथिने आणि ४० भाग तेल असते. त्याचा बारीक कूट खिचडीत, भाजीत, दह्यात कोठेही मिसळतो. शेवग्याचा पाला, मेथी, पालक यांपासून शरीराला डोळ्यांसाठी आवश्यक असे अ जीवनसत्त्व मिळते. पालेभाजीवर लिंबाचे चार थेंब पिळले, की त्यातील लोह अधिक शोषले जाते. ज्यांच्या घरी चालते त्यांनी अंडे द्यावे. एका अंड्यात सुमारे सहा ग्रॅम प्रथिने असतात. आणि पाकिटापेक्षा अर्धापूरकडचे एक केळे केव्हाही चांगले.

वर्षावरच्या मुलाचा एक दिवस असा आखता येईल. सकाळी मुगाच्या डाळीचे मऊ धिरडे, त्यात किसलेले गाजर. दहाच्या सुमारास केळे किंवा पपईची फोड. दुपारी घट्ट वरणात कुस्करलेली भाकरी आणि चिरून शिजवलेली पालेभाजी. चार वाजता शेंगदाण्याच्या कुटाचा लहानसा लाडू. रात्री तूप घातलेली मऊ खिचडी व दही. आईचे दूध दोन वर्षांपर्यंत व पुढेही चालू ठेवावे. सहा महिने पुरे होईपर्यंत मात्र फक्त आईचेच दूध. त्यानंतर उष्टावण लांबवू नये, कारण जन्मतः मिळालेला लोहाचा साठा तोवर सरत आलेला असतो.

घाईच्या वेळी काय, असा प्रश्न येईल. त्याचे उत्तर आपल्याच रेल्वेमार्गावर, हैदराबादला सापडते. १९१८ मध्ये कुन्नूर येथे सुरू झालेली आणि १९५८ मध्ये हैदराबादला आलेली राष्ट्रीय पोषण संस्था तेथे आहे. 'हैदराबाद मिक्स' या नावाने ओळखले जाणारे मिश्रण अगदी साधे आहे : भाजलेले गहू ४० ग्रॅम, भाजलेले हरभरे १६ ग्रॅम, भाजलेले शेंगदाणे १० ग्रॅम आणि गूळ २० ग्रॅम. यांच्या पिठातून सुमारे ३३० उष्मांक आणि ११ ग्रॅम प्रथिने मिळतात. डबा भरून ठेवावा आणि लागेल तेव्हा उकळत्या पाण्यात किंवा दुधात शिजवावे. तयार डब्यांच्या जाहिरातींना भुलण्याआधी हा हिशेब करून पाहावा.

काय द्यावे याइतकेच कसे द्यावे, हेही महत्त्वाचे. धाक दाखवून कोंबलेला घास लेकराला जेवणाचा वैरी बनवतो. मोबाईलच्या चित्रांत गुंतवून भरवले, तर पोट केव्हा भरले हे त्याला कळतच नाही. चिऊ-काऊचे घास ही आपल्या आज्यांची रीत अधिक शहाणी होती. भाकरी करताना उरल्या पिठाची एक छोटी चानकी थापावी. स्वतःच्या नावाची भाकरी पाहून पोर हरखते. हिरवी भाजी, पिवळे वरण, तांबडे गाजर असे रंग ताटलीत दिसू द्यावेत. नवा पदार्थ एकदा नाकारला, तर चार दिवसांनी पुन्हा पुढे करावा. सांडू द्यावे, स्वतःच्या हाताने खाऊ द्यावे. हात मात्र साबणाने धुतलेले असावेत. अख्खे शेंगदाणे वा फुटाणे लहानग्यांना देऊ नयेत, ते घशात अडकतात. वर्षाच्या आत मधही चाटवू नये.

आमच्या घरी चहा-बिस्किटे बंद झाली आणि भाच्याची वाटी तिखटाआधी निघू लागली. आठवडाभर त्याने कुरकूर केली. आजीही म्हणाली, "तुमची शिकलेल्यांची थेरं!" पण पुढे चानकी थापण्याचे काम तिनेच आपल्याकडे घेतले. दोन महिन्यांत त्याचे वजन ६०० ग्रॅम वाढले आणि रेघ हिरव्या पट्ट्याकडे वळली. एवढे करूनही वजन वाढत नसेल, तर आजार असू शकतो. तेव्हा डॉक्टरांना दाखवलेच पाहिजे. २ ऑक्टोबर १९७५ रोजी सुरू झालेल्या एकात्मिक बाल विकास सेवा योजनेमुळे अंगणवाडी आपल्या दारी आली आहे. महिन्याचे वजन चुकवू नये.

गोदावरीकाठच्या बासरला आपण लेकरांना अक्षराभ्यासासाठी मोठ्या श्रद्धेने नेतो. पाटीवर पहिले अक्षर गिरवणारी ती बोटे आणि त्यामागचा मेंदू यांची घडण मात्र त्याआधीच, पहिल्या दोन-तीन वर्षांत, घरच्या वाटीतून होत असते. आपल्यापैकी प्रत्येकाच्या घरी वा शेजारी एखादे लेकरू आहेच. आज सायंकाळी फोडणीचा वास आला, की एवढेच विचारावे : "लेकराची वाटी काढली का?"