पवनचक्कीचे पाते का थरथरते?

बुलडाणा, प्रतिनिधी – वैशाखात खामगाव-मलकापूर परिसरात घरोघरी पंखे अहोरात्र फिरतात. पंखा डुगडुगू लागला, की पाते वाकले किंवा वजनाचा तोल गेला, हे आपण ओळखतो. पवनचक्कीचे पाते मात्र तोल अचूक असतानाही थरथरते, कारण ते लांब आणि लवचिक असते.

साताऱ्याजवळचे वनकुसवडे पठार किंवा धुळे जिल्ह्यातील ब्राह्मणवेल येथील पवनचक्क्या दुरून संथ भासतात. प्रत्यक्षात 88 मीटर व्यासाचे चक्र मिनिटाला 16 फेऱ्या घेत असेल, तर पात्याचे टोक ताशी सुमारे 265 किलोमीटर वेगाने धावते. उंचावर वारा जोरदार, खाली मंद; शिवाय मनोऱ्यासमोर येताच वाऱ्याचा दाब क्षणभर घटतो. त्यामुळे प्रत्येक फेरीत पात्याला हिसका बसतो. वर्षाला सहा हजार तास चक्र फिरले, तर 20 वर्षांत असे 11 कोटींहून अधिक हिसके होतात.

झोक्याला नेमक्या वेळी धक्का दिला, की तो उंच जातो. तसेच हिसक्यांची लय आणि पात्याची नैसर्गिक कंपनसंख्या जुळली, तर कंपन वाढत जाते आणि पात्याला तडे जाऊ शकतात. अडचण अशी, की ही कंपनसंख्या स्थिर नसते. शेतातील गोफण फिरवताच तिची सैल दोरी ताठ होते. त्याचप्रमाणे केंद्रोत्सारी बलामुळे फिरते पाते अधिक ताठ होते. म्हणून अभियंते संगणकावर पात्याचे लहान तुकडे कल्पून प्रत्येकाचे वस्तुमान व ताठरता मांडतात आणि प्रत्येक वेगाला कंपनसंख्या किती, हे आधीच काढतात.

हा प्रश्न केवळ पुस्तकी नाही. अमेरिकेत काही पात्यांना तडे गेल्यानंतर, पुण्यात मुख्यालय असलेल्या सुझलॉन कंपनीने 2008 मध्ये एस-88 पवनचक्क्यांची 1,251 पाती मजबूत करण्याचा कार्यक्रम जाहीर केला होता.

कंपन आवरण्याचे मार्गही आहेत. धोक्याच्या वेगावर चक्र रेंगाळू दिले जात नाही. वारा वाढताच पाते स्वतःभोवती थोडे वळवून त्यावरील भार कमी केला जातो. विजेच्या दाबाने आकुंचन-प्रसरण पावणाऱ्या पट्ट्या पात्यावर बसवून कंपनाला उलट धक्का देण्याचे संशोधनही झाले आहे. मात्र पात्याचे गणितच चुकले, तर हे सारे उपाय तोकडे पडतात.