पाण्यातला व्हॉलीबॉल: घरातल्या सगळ्यांना खेळता यावा म्हणून

मे महिन्यात चांदवडच्या ओपीडीत सुजलेली बोटं नेहमीपेक्षा जास्त दिसतात. मागच्या उन्हाळ्यात साधारण पंचावन्न वर्षांच्या एक मावशी आल्या होत्या. सगळं कुटुंब नाशिकजवळच्या रिसॉर्टला गेलं होतं. पूलमध्ये नेट बांधलेलं, दोन टीम पडल्या, आणि पाचव्या मिनिटाला पुतण्याचा स्मॅश थेट मावशींच्या बोटावर बसला. उरलेला दिवस त्या काठावर बसून सगळ्यांचे टॉवेल सांभाळत होत्या. मला म्हणाल्या, "डॉक्टर, गुडघ्यांसाठी पाण्यात उतरा असं तुम्हीच सांगितलं होतं ना?"

सांगितलं होतं, आणि आजही सांगेन. माणूस कमरेएवढ्या पाण्यात उभा राहिला की पायांवर येणारा भार जवळजवळ निम्मा होतो. छातीएवढ्या पाण्यात तो आणखी कमी होतो. जिना चढताना कळ येणारे गुडघे पाण्यात बिनतक्रार हलतात. पडलं तरी हाड मोडत नाही. म्हणजे या खेळाचा सर्वांत जास्त फायदा ज्यांना होतो, तीच माणसं सर्वांत आधी बाहेर काढली जातात. कधी चेंडू लागतो, कधी "नाना, तुम्ही बसा आता" एवढं वाक्य पुरतं.

आधी जागा: शेततळं नाही

आपल्या तालुक्यात शेततळी भरपूर आहेत. उन्हाळ्यात पोरांना तेच पूल वाटतात. घरच्यांनी इथे अजिबात सूट देऊ नये. शेततळ्याच्या तिरक्या बाजूंवर प्लॅस्टिकचा कागद असतो, तो ओला आणि शेवाळलेला असतो. पट्टीचा पोहणाराही त्यावरून वर चढू शकत नाही, आणि त्याला काढायला उडी मारणारा दुसराही आत अडकतो. कोणी पडलंच तर आत उडी न मारता दोर, लांब काठी किंवा रिकामा बंद कॅन पुढे करा आणि १०८ ला फोन लावा. बाहेर काढलेला माणूस श्वास घेत नसेल तर पोट दाबून पाणी काढण्यात वेळ घालवू नका. आधी तोंडाने श्वास द्या, मग छातीवर दाब द्या, आणि मदत येईपर्यंत हे आलटून पालटून चालू ठेवा.

खेळायला उथळ आणि तळ सपाट असलेला पूल लागतो. पाणी सर्वांत बुटक्या खेळाडूच्या छातीच्या वर जाता कामा नये. ज्यांना पोहता येत नाही त्यांनी खोल बाजूच्या जवळची जागा घेऊ नये.

टीम कशा पाडायच्या

दोन कॅप्टन उभे करून एकेकाला बोलवायची पद्धत सोडून द्या. शेवटी उरलेल्या मुलाला किंवा काकूंना काय वाटतं ते सगळ्यांना दिसत असतं. त्याऐवजी साधारण सारख्या ताकदीच्या दोघांची जोडी लावा आणि चिठ्ठी टाकून एकेक इकडे-तिकडे पाठवा. जोडी लावताना कौशल्याइतकीच उंची बघा. पाण्यात उडी फार वर जात नाही, त्यामुळे उंच माणसाचा फायदा मैदानापेक्षा इथे जास्त असतो.

बहुतेक पूलचा तळ उताराचा असतो. एका बाजूला पाणी मांडीपर्यंत, तर दुसरीकडे गळ्यापर्यंत. खोल बाजूची टीम हलूच शकत नाही, आणि मग ती हरते. म्हणून दर गेमनंतर बाजू बदला. गेमही लहान ठेवा, ११ किंवा १५ पॉइंटचा. तीन गेम झाले की टीम पुन्हा पाडा. एकच टीम दिवसभर हरत राहिली की कोणाला तरी भूक लागते आणि कोणाचा तरी फोन येतो.

नेट वर, चेंडू हलका

लहान मुलं आणि वयस्कर आहेत म्हणून लोक नेट खाली बांधतात. हेतू चांगला असतो, पण घडतं उलटं. खालच्या नेटवरून उंच तरुण सरळ स्मॅश मारतो. सर्वांत उंच माणसाने हात वर केला की बोटं जेमतेम नेटच्या वर यावीत, एवढं ते उंच ठेवा. मग चेंडू वरून कमानीने येतो, आणि आजीलाही त्याखाली जायला वेळ मिळतो. मैदानावरचा चेंडू २६० ते २८० ग्रॅमचा असतो, तो ओल्या हाताला जोरात लागतो. त्याऐवजी रबरी किंवा हवेचा मऊ चेंडू घ्या.

सर्व्हिस खालून करा. नवख्याला जवळून करू द्या, चुकली तर आणखी एक संधी द्या. तीनऐवजी चार स्पर्श चालतील, पण निदान दोन वेगळ्या माणसांचे हात लागलेच पाहिजेत. या एका नियमाने एकटाच खेळणारा वाघ ताळ्यावर येतो. सवलत कोणाला द्यायची ते मात्र त्या माणसालाच विचारा. न विचारता दिलेली सवलत काही जणांना चेंडूपेक्षा जास्त लागते.

"हा काय व्हॉलीबॉल आहे का?" असं कोणी तरी म्हणेलच. त्याला सांगा, १८९५ साली अमेरिकेतल्या होल्योक गावी विल्यम मॉर्गन यांनी हा खेळ काढला तो मध्यमवयीन नोकरदारांसाठी, बास्केटबॉलची दगदग त्यांना झेपत नव्हती म्हणून. सुरुवातीच्या नियमांत खेळाडूंच्या संख्येला मर्यादा नव्हती, स्पर्शांच्या संख्येलाही नव्हती.

खेळण्याआधी आणि दुखापत झाली तर

अंगठ्या, बांगड्या, गळ्यातली साखळी काढून ठेवा. बोट सुजल्यावर अंगठी कापावी लागते. पाण्यात घाम कळत नाही, पण जातो, म्हणून मध्ये मध्ये पाणी प्या. इन्सुलिन किंवा साखरेच्या गोळ्या चालू असतील तर उपाशी उतरू नका, काठावर साखर ठेवा. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असलेल्यांनी फक्त मऊ चेंडूच खेळावा. फिट येण्याचा त्रास असलेल्यांनी, आणि नुकतंच छातीत दुखलेलं असलेल्यांनी, आधी आपल्या डॉक्टरांना विचारावं. जुलाब झालेल्या मुलाला बरं वाटलं तरी काही दिवस पूलमध्ये नेऊ नका. त्रास इतरांना होतो.

बोटाला चेंडू लागला की कोणी तरी ते ओढून "बसवायला" पुढे येतो. ओढू देऊ नका. कापडात गुंडाळलेला बर्फ दहा-पंधरा मिनिटं लावा, हात उंच धरा. बोट वाकडं दिसत असेल, बधिर असेल किंवा त्याचं टोक खाली लोंबून स्वतःहून सरळ होत नसेल तर त्याच दिवशी एक्स-रे काढा. टोक लोंबतं तेव्हा ते सरळ करणारा टेंडन तुटलेला असतो. त्याला पट्टी सहा ते आठ आठवडे सलग ठेवावी लागते. आंघोळीला म्हणून एकदा काढली आणि बोट वाकलं तर मोजणी पहिल्यापासून.

मावशींचं तेच झालं होतं. त्यांनी सात आठवडे पट्टी काढली नाही. शेवटच्या भेटीला पुतण्या सोबत आला होता, आणि नेट किती उंच बांधायचं ते त्याने कागदावर लिहून नेलं.