भात कमी केला, आता गोळीचं काय?

लखनौच्या निशातगंजात राहायचं म्हणजे कुलचा, शीरमाल, कचोरी हाताशीच. टाइप-२ मधुमेहात हे पिठाचे पदार्थ आणि भात कमी केले की जेवणानंतरची साखर फार चढत नाही. पनीर, अंडी, पालेभाज्यांनी पोट भरतं. पण कळकळीची विनंती: आहार बदलण्याआधी डॉक्टरांना भेटा. मेटफॉर्मिन ही मधुमेहाची गोळी एकटीच घेत असाल, तर साखर सहसा धोकादायक पातळीपर्यंत उतरत नाही. ग्लिमेपिराइड किंवा इन्सुलिन चालू असेल तर मात्र उतरू शकते, म्हणून डोस बहुधा कमी करावा लागतो. डापाग्लिफ्लोझिन ही गोळी घेताना पिष्टमय पदार्थ फारच तोडले, तर साखर फारशी न वाढताही रक्तात घातक प्रमाणात कीटोन साचू शकतात. घाम, थरथर, साखर ७० च्या खाली? लगेच १५ ग्रॅम ग्लुकोज घ्या, १५ मिनिटांनी पुन्हा मोजा.