प्रयोजनाविना तपासणी

सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीची पेढी असलेल्या एका कुटुंबात दरवर्षी मार्च महिन्यात एक नेम पाळला जात असे. हिशेबाचे वर्ष संपण्यापूर्वी घरातील चाळिशी ओलांडलेल्या प्रत्येकाची ‘फुल बॉडी चेकअप’ व्हायची. या नेमाचे मूळ आरोग्यात नव्हते, प्राप्तिकरात होते. जुन्या करप्रणालीत कलम ८०डीच्या मर्यादेत प्रतिबंधक आरोग्य तपासणीच्या ५,००० रुपयांपर्यंतच्या खर्चाची वजावट मिळते. तीस टक्क्यांच्या टप्प्यातील करदात्याचे त्यातून सुमारे १,५०० रुपये वाचतात; उरलेले ३,५०० त्याच्याच खिशातून जातात. पेढीवर असा व्यवहार कोणी केला नसता. पण आरोग्याच्या खर्चाला तराजू लावणे घरात अशुभ मानले जाते.

दोन वर्षांपूर्वीच्या मार्चमध्ये या घरातील ४९ वर्षांच्या गृहिणीचे रक्त घरी येऊन नेण्यात आले. बारा तास निराहार राहण्याची अट होती; अष्टमी-चतुर्दशीचे उपवास करणाऱ्या बाईंना तिचे काय कौतुक? मासिक पाळीमुळे त्या दिवशी मंदिरात जायचे नव्हते, सकाळ मोकळी होती, म्हणून रक्त नेणाऱ्या मुलाला तीच वेळ दिली गेली. बाईंना कसलाही त्रास नव्हता.

संध्याकाळी मोबाइलवर ७२ आकड्यांचा अहवाल आला. त्यात ‘सीए-१२५’ हा एक आकडा ठळक अक्षरांत होता. मर्यादा ३५, आणि बाईंचा आकडा ५८. मुलाने इंटरनेटवर शोध घेतला तेव्हा अंडाशयाचा कर्करोग हे शब्द समोर आले. त्या रात्री घरात कोणी झोपले नाही. दुसऱ्या दिवशी सोनोग्राफी झाली. तीत गर्भाशयावर एक लहान गाठ आणि डाव्या अंडाशयावर तीन सेंटिमीटरची पाण्याची गाठ दिसली. मग शिरेतून औषध देऊन सीटी स्कॅन झाले. शल्यचिकित्सकांनी सांगितले, “वय झालेच आहे, गर्भाशय आणि अंडाशये काढून टाकू, म्हणजे काळजी मिटेल.” महावीर जयंतीनंतरची तारीख ठरली. तोवर चाळीस हजारांहून अधिक रुपये खर्च झाले होते. ज्या घरात रोज सामायिक होत असे, त्या घरात आता प्रत्येकजण मनातल्या मनात एकच शब्द घोळवीत होता. शास्त्रात आर्तध्यानाच्या चार प्रकारांत रोगाची चिंता गणली आहे. येथे रोगाचा पत्ता नव्हता, केवळ चिंता होती.

शस्त्रक्रियेपूर्वी वखारभागातील घरच्या जुन्या डॉक्टरांना कागद दाखवावेत, असा आग्रह सासूबाईंनी धरला. डॉक्टरांनी अहवाल वाचण्याआधी एक प्रश्न विचारला. “वहिनी, रक्त दिले तेव्हा पाळी चालू होती का?”

तोपर्यंत हा प्रश्न कोणीही विचारला नव्हता. पाळीच्या दिवसांत सीए-१२५ वाढू शकते. गर्भाशयावरील साध्या गाठींमुळेही वाढू शकते. पाळी चालू असलेल्या वयात अंडाशयावर पाण्याच्या लहान गाठी होतात आणि बहुतेक आपोआप विरतात. डॉक्टरांनी तीन महिने थांबून पाळी संपल्यानंतर पुन्हा तपासण्यास सांगितले. जूनअखेर सोनोग्राफीत पाण्याची गाठ दिसली नाही. आकडा २२ आला.

ही कथा एका घरातली असली तरी तिच्यामागचा प्रश्न मोठ्या प्रमाणावर तपासला गेला आहे. अमेरिकेत ५५ ते ७४ वयाच्या ७८,२१६ स्त्रियांची दोन गटांत विभागणी करण्यात आली. एका गटाची दरवर्षी सीए-१२५ आणि सोनोग्राफीने तपासणी झाली, दुसऱ्याची नेहमीप्रमाणे देखभाल. २०११ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. तपासणी झालेल्या गटात अंडाशयाच्या कर्करोगाने होणारे मृत्यू कमी झाले नाहीत. मात्र ३,२८५ स्त्रियांना कर्करोग नसताना तो असल्याचा संशय आला. त्यांपैकी १,०८० जणींवर शस्त्रक्रिया झाली आणि त्यांतील १६३ जणींना त्या शस्त्रक्रियेमुळे गंभीर त्रास सोसावा लागला. या स्त्रिया निरोगी होत्या. लक्षणे नसलेल्या सर्वसामान्य स्त्रियांची अशी तपासणी करू नये, अशी शिफारस तेथील तज्ज्ञ मंडळाने केलेली आहे. तरीही सांगलीच काय, कोणत्याही शहरातील पॅकेजच्या यादीत सीए-१२५ आढळू शकते, कारण यादी जितकी लांब तितके पॅकेज स्वस्त वाटते.

यादीच्या लांबीतच एक गणित दडलेले आहे. रक्तातील बहुतेक घटकांची ‘सामान्य’ मर्यादा ठरविताना निरोगी माणसांपैकी ९५ टक्के तीत बसतील अशी ठेवतात. म्हणजे शंभरातील पाच निरोगी माणसे प्रत्येक चाचणीत मर्यादेबाहेर पडणारच. परस्परांशी संबंध नसलेल्या २० चाचण्या केल्या, तर एखादा तरी आकडा ठळक अक्षरांत येण्याची शक्यता ६४ टक्के होते. पूर्णपणे निरोगी माणसाची. व्यापाऱ्याला हे समजणे अवघड नाही. ताळेबंदात रकमा जितक्या जास्त, तितकी कोठेतरी तफावत दिसण्याची शक्यता जास्त, आणि प्रत्येक तफावत अफरातफर नसते.

मग या चाचण्या होतात का? काही ठिकाणी रुग्ण पाठविणाऱ्याला प्रयोगशाळेकडून वाटा मिळतो. ही ‘कट प्रॅक्टिस’ रोखण्यासाठी महाराष्ट्रात २०१७ मध्ये कायद्याचा मसुदाही तयार झाला होता. पण सगळा दोष डॉक्टरांच्या माथी मारणे अन्यायाचे ठरेल. पाच मिनिटे बोलून, काहीही न लिहिता परत पाठविणारा डॉक्टर ‘काहीच केले नाही’ म्हणून बदनाम होतो, आणि हे प्रशस्तिपत्र देणारे रुग्णच असतात. डॉक्टरांमधूनही याविरुद्ध आवाज उठला आहे. अमेरिकेत २०१२ मध्ये ‘चूजिंग वाइजली’ ही मोहीम सुरू झाली. दिल्लीच्या एम्समधील काही डॉक्टरांनी ‘सोसायटी फॉर लेस इन्व्हेस्टिगेटिव्ह मेडिसिन’ स्थापन केली. अमेरिकन मोहिमेने रुग्णांच्या हाती साधे प्रश्न दिले: ही तपासणी खरोखर हवी का, तिचे धोके कोणते, याहून सोपा मार्ग आहे का, काहीच केले नाही तर काय होईल, खर्च किती. त्यांच्या जोडीला आणखी एक प्रश्न विचारावा. आकडा काहीही आला तरी उपचार तोच राहणार असेल, तर तो आकडा हवा कशाला?

याचा अर्थ तपासण्यांकडे पाठ फिरवावी असा नाही, आणि असा अर्थ काढणारे लोकही समाजात आहेत. तिशीनंतर रक्तदाब व साखर पाहणे, तोंड, स्तन व गर्भाशयमुख यांची तपासणी करून घेणे, हे सरकारी कार्यक्रमातच आहे आणि ते टाळू नये. तंबाखू-सुपारी खाणाऱ्याने तर तोंडाची तपासणी मुळीच चुकवू नये. वजन घटणे, रक्त जाणे, गाठ लागणे अशी लक्षणे असतील, तर तो प्रश्न पॅकेजचा राहत नाही. तेथे विलंब घातक ठरतो.

श्रावकाच्या बारा व्रतांत अनर्थदंडाचा त्याग सांगितला आहे. प्रयोजन नसताना जमीन खणणे, पाणी सांडणे, झाडाची फांदी तोडणे, हे सारे अनर्थदंडात मोडते. तेथे क्रियेइतकेच तिच्या प्रयोजनाला महत्त्व आहे. सुई टोचणे, किरण घेणे, शरीर चिरणे यांना हा निकष लावला, तर त्या मार्चमधील किती गोष्टी टिकतील? जयंतीनिमित्त होणाऱ्या शिबिरांत शंभर जणांच्या सत्तर चाचण्या करण्याऐवजी तोच निधी पाचशे जणांचा रक्तदाब आणि साखर पाहण्यात व ज्यांची वाढलेली निघेल त्यांना वर्षभर औषधे देण्यात घालता येईल, हा हिशेब मंडळाच्या कार्यकर्त्यांनी एकदा कागदावर मांडून पाहावा.

यंदा मार्चमध्ये त्या घरी नेहमीचा फोन आला. सवलतीचे पॅकेज होते, ८४ चाचण्यांचे. बाईंनी नको म्हणून सांगितले. काही आठवडे पायांना मुंग्या येत होत्या, म्हणून त्या वखारभागातील डॉक्टरांकडे गेल्या. डॉक्टरांनी रक्तदाब पाहिला, आहाराविषयी विचारले, आणि घर शुद्ध शाकाहारी असल्याने केवळ बी-१२ तपासण्यास लिहून दिले. ते बरेच कमी निघाले. आता इंजेक्शने चालू आहेत.