गव्हावाचून पंगत

महोत्सवाच्या या स्मरणिकेत संस्थेच्या कार्याचा आढावा, देणगीदारांचे ऋणनिर्देश आणि जुन्या आठवणी यथास्थित येतीलच. आम्ही मात्र सभासद बंधुभगिनींचे लक्ष काही वेळ स्वयंपाकघराकडे वेधू इच्छितो. कारण तसेच आहे. आपल्या पंगतीत पोळी, पुरी, शिरा यांवाचून पान पुरे झाले असे कोणास वाटत नाही. परंतु त्याच पंगतीत बसलेल्या एखाद्या मुलास गव्हाचा एक घासही विषासमान असू शकतो, हे आपल्यापैकी पुष्कळांना ठाऊक नसते. आम्हांसही ते ठाऊक नव्हते. घरातल्या धाकट्या नातीने ते आम्हांस शिकविले.

ही मुलगी पाच वर्षांची होईपर्यंत वजनाने व उंचीने मागेच राहिली. पोट फुगलेले, हातपाय काटकुळे, वरचेवर जुलाब आणि चेहरा पांढराफटक. कोणी जंत म्हटले, कोणी दृष्ट म्हटली, कोणी आईच्या दुधाला बोल लावला. लोहाची औषधे झाली, पण रक्त काही वाढेना. शेवटी एका डॉक्टरांनी रक्ताची एक विशिष्ट तपासणी करविली, पाठोपाठ दुर्बिणीने लहान आतड्याचा तुकडा काढून तपासला आणि निदान सांगितले: सीलिअक रोग. औषध काय, असे आम्ही विचारले. "गहू बंद, आणि तोही जन्मभर," एवढेच उत्तर मिळाले.

हा रोग म्हणजे काय?

गहू आणि जव यांच्या पिठात ग्लूटेन नावाचे प्रथिन असते. कणीक मळली की ती ताणली जाते व पोळी पातळ लाटता येते, ती याच ग्लूटेनच्या चिकटपणामुळे. बहुतेकांच्या पोटात ते निरुपद्रवी ठरते. काही थोड्या लोकांत मात्र शरीराची संरक्षक यंत्रणा त्यास शत्रू समजते आणि त्या लढाईत स्वतःच्याच लहान आतड्यावर घाव घालते. आतड्याच्या आतील बाजूस मखमलीसारखे सूक्ष्म अंकुर असतात. अन्नरस शोषून घेण्याचे काम त्यांचे. ते झिजून सपाट झाले, म्हणजे खाल्लेले अंगी लागत नाही. मग रक्त कमी होते, हाडे ठिसूळ होतात, मुलांची वाढ खुंटते. हा रोग संसर्गजन्य नव्हे. एका घरात तो एकाहून अधिक जणांस असू शकतो, म्हणून रोग्याच्या आईबाप व भावंडांचीही तपासणी करवितात.

या रोगाचे वर्णन लंडनचे डॉक्टर सॅम्युअल गी यांनी १८८८ साली केले होते. खरा अपराधी सापडला तो हॉलंडात. तेथील बालरोगतज्ज्ञ विलेम डिके यांना गव्हाविषयी पूर्वीपासूनच संशय होता. १९४४-४५ च्या हिवाळ्यात, महायुद्धाच्या धामधुमीत, त्या देशात भीषण उपासमार झाली आणि पाव मिळेनासा झाला. सारा देश खंगत असता या रोगाची मुले मात्र पावावाचून सुधारली! डिके यांनी १९५० साली आपल्या प्रबंधात हा संबंध मांडला. तेव्हापासून आजतागायत पथ्य हाच या रोगावरील मुख्य उपचार आहे.

हा गोऱ्या लोकांचा रोग, असे समजण्याचे कारण नाही. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत उत्तर भारतात शंभरात एकाहून किंचित अधिक, तर दक्षिण भारतात हजारात सुमारे एकास हा रोग आढळला. गहू खाणारा प्रदेश आणि भात खाणारा प्रदेश यांतील हा फरक बोलका आहे. आपण बडोदेकर मराठी लोक तर दोन्ही वेळा पोळी खाणारे!

येथे एक सूचना कळकळीची. कोणास संशय आला तर त्याने आधी गहू सोडून मग डॉक्टरांकडे जाऊ नये. गहू सोडल्यावर रक्तातील खुणा मावळतात आणि निदान चुकते. तपासणी आधी, पथ्य मागाहून. तसेच ज्यास हा रोग वा गव्हाची बाधा नाही, त्याने केवळ टूम म्हणून गहू सोडण्यात विशेष लाभ नाही.

जुन्या घरातच उत्तर

पहिले आठ दिवस आमच्या घरात सुतक असल्यासारखे वाटले. मुलीने खावे काय? मग घरातील वडील बाई म्हणाल्या, "आमच्या लहानपणी गव्हाची पोळी सणावारीच होत असे. रोज भाकरीच." त्या एका वाक्याने डोळे उघडले.

ज्वारी, बाजरी, नाचणी, तांदूळ, वरई, राजगिरा, शिंगाडा, साबुदाणा, मका आणि सर्व डाळी: यांपैकी कशातही ग्लूटेन नाही. म्हणजे आपल्या उपवासाची यादी ही या पथ्याची जवळजवळ तयार यादीच होय. ज्यांनी हे शहर घडविले ते महाराज सयाजीराव १८६३ साली मालेगावाजवळील कवळाणे या खेड्यात जन्मले व १८७५ साली दत्तक होऊन बडोद्यास आले. तो मुलूख बाजरीचाच. तीच धान्ये मागे टाकून आपण गव्हाकडे वळलो. पुढे भारताच्या पुढाकाराने संयुक्त राष्ट्रांनी २०२३ हे वर्ष भरड धान्यांचे वर्ष म्हणून पाळले, तेव्हा आजीच्या भाकरीला जगाने मान दिला म्हणावयाचे.

नाचणीविषयी दोन शब्द. शंभर ग्रॅम नाचणीत साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असते, म्हणजे गव्हाच्या कितीतरी पट. हाडे कमकुवत झालेल्या मुलास यापरते सोपे अन्न नाही. नुसत्या भातावर मात्र मूल ठेवू नये. त्याने पोट भरते, पण पोषण अपुरे राहते.

नित्याचे व आवडीचे पदार्थ

भाकरी: ग्लूटेन नसल्यामुळे ज्वारीचे पीठ थंड पाण्यात चिकटत नाही. म्हणून पाणी चांगले कढत घ्यावे. त्याने पिठातील स्टार्च फुलून तोच चिकटपणा देतो. पीठ ताजे असावे, जुन्या पिठाची विरी जाते व भाकरी कडेने फाटते. भरपूर मळून, थापून, तव्यावर टाकल्यावर वरून पाण्याचा हात फिरवावा.

थालीपिठाची भाजणी: नेहमीच्या भाजणीत बहुधा गहू असतो, तो वगळावा. ज्वारी २ वाट्या, बाजरी, तांदूळ व हरभऱ्याची डाळ प्रत्येकी १ वाटी, उडदाची डाळ व धने प्रत्येकी अर्धी वाटी, जिरे १ चमचा. सर्व निरनिराळे खमंग भाजून, निववून दळावे. गव्हाची उणीव कोणाच्या ध्यानातही येत नाही.

रात्रीचे घावन: तांदळाचे पीठ १ वाटी, पाणी सव्वादोन वाट्या, मीठ. पीठ ताकासारखे पातळ असावे. तापल्या तव्यावर कडेकडून ओतावे म्हणजे जाळी पडते. सोबत उसळ अथवा ओल्या नारळाची चटणी. मुगाची डाळ भिजवून वाटून केलेली धिरडीही रात्रीच्या जेवणास पुरेशी होतात.

मधल्या वेळेस: गुजराती शेजारणीचे खिचू आणि आपली तांदळाची उकड या सख्ख्या बहिणीच. एकीत पापडखार व वरून तेल, दुसरीत ताक व लसणीची फोडणी. दोन्ही चालतात. तांदूळ व डाळ भिजवून केलेला ढोकळा चालतो, रव्याचा नव्हे.

नाचणीचे लाडू: नाचणीचे पीठ २ वाट्या पाऊण वाटी तुपात मंद आचेवर पंधरा मिनिटे भाजावे. खाली उतरवून कोमट झाल्यावर किसलेला गूळ १ वाटी, दाण्याचे कूट अर्धी वाटी व वेलची घालून लाडू वळावे. शाळेच्या डब्यास उत्तम.

सणाचे पक्वान्न: पुरणपोळीवाचून होळी कशी करावी, हा प्रश्न आम्हांस पडला होता. पुरण हरभऱ्याच्या डाळीचे, अडचण केवळ वरच्या आवरणाची. तेव्हा पुरण तेच ठेवून आम्ही तांदळाच्या उकडीचे मोदक केले. एक वाटी पिठास एक वाटी पाणी, चिमूटभर मीठ व चमचाभर तूप. पाण्यास उकळी आली की पीठ घालून वाफ आणावी व गरम असतानाच मळावे. आता घरातली इतर मुलेही होळीस हेच मागतात.

लपलेला गहू

पदार्थ सोपे, पण सावधगिरी कठीण. येथे आमचीच चूक सांगतो. पथ्य सुरू होऊन सहा महिने लोटले, तरी मुलीच्या रक्तात म्हणावी तशी सुधारणा दिसेना. डॉक्टरांनी घरातील प्रत्येक डब्यातील जिन्नस लिहून आणावयास सांगितले. तेव्हा उमगले, की रोज रात्री मऊ भातावर आम्ही प्रेमाने जे मेतकूट वाढत होतो, त्यात परंपरेप्रमाणे मूठभर गहू होता! आणि फोडणीतला हिंग? बाजारचा बांधानी हिंग बहुधा पिठात कालविलेला असतो, आणि ते पीठ पुष्कळदा गव्हाचे असते. डबा वाचल्यावाचून तो घेऊ नये. ज्या हातांनी औषध दिले, त्याच हातांनी आम्ही अपथ्य वाढीत होतो.

म्हणून ही यादी. सातूच्या पिठात जव किंवा गहू असतो. रवा, मैदा, शेवया, कुरडया, लापशी ही सारी गव्हाचीच रूपे. भाकरवडीच्या आवरणात बहुधा मैदा असतो. सेव-उसळ हे तर बडोद्याचे भूषण. त्यात सेव बेसनाची, उसळ कडधान्याची, परंतु सोबतचा पाव टाळावा आणि रस्सा दाट करण्यास काय घातले ते विचारावे. सर्वांत फसवा शब्द 'भाखरी'. आपली भाकरी ज्वारी-बाजरीची, गुजराती घरची भाखरी मात्र गव्हाची. शेजारीण मायेने म्हणते, "भाखरी खाईल ना?" आणि आपण भाकरी समजून मान डोलावतो! तसेच बाजारात वरईस 'मोरैयो' आणि राजगिऱ्यास 'राजगरो' म्हणून मागावे.

दळणाचीही तीच कथा. गिरणीत आधी गहू दळला असेल, तर ज्वारीच्या पिठात त्याचा अंश उतरतो. कायद्याने ग्लूटेनमुक्त म्हणविणाऱ्या पदार्थात एका किलोस २० मिलिग्रॅमपर्यंतच ग्लूटेन चालते, यावरून किती थोडे पुरे होते ते कळेल. गुजरातेत घरोघरी घरघंटी असते. ती अशा घरी केवळ या धान्यांसाठी राखावी. परात, पोळपाट-लाटणे, चाळणी व लाकडी उलथने निराळे असावे. पुऱ्या तळलेल्या तेलात साबुदाणवडे तळू नयेत.

प्रसाद आणि पंगत

आता थोडे मनातले. सत्यनारायणाचा प्रसाद नाकारू नये, अशी आपली शिकवण. एका पूजेच्या वेळी मुलीने हात मागे घेतला, तेव्हा वडीलधाऱ्या बाई म्हणाल्या, "प्रसादाने काही होत नाही ग!" आणि चमचाभर शिरा तिच्या तोंडात घातला. त्यांच्या मनात मायेवाचून दुसरे काही नव्हते. पुढचे तीन दिवस मुलगी पोट धरून निजली होती. त्याहून वाईट हे, की त्यानंतर ती पूजेस येईनाशी झाली.

पुढील वर्षी त्याच बाईंनी आम्हांस आधी निरोप धाडला. त्यांनी तांदूळ धुऊन, वाळवून, भाजून जाडसर दळले आणि सव्वा वाटी त्या रव्याचा, सव्वा वाटी तूप, सव्वा वाटी साखर, साडेतीन वाट्या दूधपाणी व एक केळे घालून शिरा केला. सव्वाचे माप राहिले, केळे राहिले, तुळशीपत्र राहिले. सर्वांनी तोच प्रसाद घेतला. मुलीने दोनदा मागून घेतला.

आम्हांस वाटते, यात आपल्या संस्थेस करण्याजोगे काम आहे. अशा मुलासाठी कोपऱ्यात निराळे पान मांडणे ही दया झाली. सर्वांच्या पानात असे दोन-चार पदार्थ ठेवणे, ही पंगत झाली. १९४९ साली स्थापन झालेल्या महाराजा सयाजीराव विश्वविद्यालयाच्या पहिल्या कुलगुरू श्रीमती हंसा मेहता यांच्या कारकिर्दीत या नगरीत गृहविज्ञानाचे शिक्षण सुरू झाले. स्वयंपाकघर हेही शास्त्राचे ठिकाण आहे, ही दृष्टी बडोद्यास नवी नाही. ती आपल्या स्नेहभोजनापर्यंत यावी, एवढेच मागणे.

तेव्हा आमची विनंती अशी: वार्षिक स्नेहभोजनात एक भाकरी, एक भात, एक भाजी, शुद्ध हिंगाची आमटी आणि एक पक्वान्न गव्हावाचून असावे. त्यांचा स्वयंपाक आधी उरकावा, त्यांची भांडी व वाढण्याचे डाव वेगळे असावेत, आणि वाढणाऱ्या स्वयंसेवकांस कोणत्या पातेल्यात काय आहे ते तोंडपाठ असावे. खर्च फारसा वाढत नाही, लक्ष मात्र वाढावे लागते. 'एका घासाने काय होते' हे वाक्य आपल्या पंगतीतून कायमचे उठावे, आणि कोणतेही मूल भरल्या पंगतीत उपाशी न राहावे.

आमची नात आता भावंडांच्या बरोबरीने वाढली आहे. भाकरी ती स्वतः थापते. पहिली तव्यावर फुगली, त्या दिवशी तिने सारे घर गोळा केले होते.